अनुदान जाहीर होण्याआधी

२०२३ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव इतके पडले की काहींच्या हातात वाहतुकीचे पैसेही उरले नाहीत. मार्च संपता संपता राज्य शासनाचा निर्णय आला. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलसाठी. म्हणजे कमाल ७० हजार रुपये. कागद मागितले होते ते दोनच महत्त्वाचे: कांदा विकल्याची पट्टी आणि सातबारावर कांद्याची नोंद. निर्णय येईपर्यंत बहुतेकांचा कांदा विकून झाला होता, पट्टी कुणी खिशात ठेवली होती, कुणी ट्रॅक्टरच्या सीटखाली, आणि पीक पाहणीची मुदत केव्हाच संपली होती. कांदा खरा होता, तोटाही खरा होता, पण सातबारावर त्या गटात भलतेच पीक लागलेले होते किंवा काहीच नव्हते. मग सुरू झाले तलाठ्याकडचे, बाजार समितीतले आणि सोसायटीतले हेलपाटे.

हा प्रकार एकदाचा नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले ते पीक विकून झाल्यावर, आणि वाटप सुरू झाले ते २०२४ च्या सप्टेंबरअखेर. तिथेही पहिला प्रश्न तोच, ई-पीक पाहणी होती का? २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये आणि पुढे ७ रुपये अनुदान आले, तेव्हा गाईच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला आणि तिची ऑनलाइन नोंद पाहिली गेली. ज्यांनी बिल्ला म्हणजे जनावराला उगाच त्रास असे म्हणून आधी टाळला होता, त्यांची धावपळ झाली.

शेतीची अनुदाने साधारण दोन प्रकारची असतात. काही मागून येतात: भाव पडला, पाऊस जास्त झाला, गारा पडल्या, की शासन रक्कम जाहीर करते. यात अर्ज नाममात्र असतो, निवड नोंदीवरून होते. दुसरी आपण मागायची असतात: ठिबक, औजारे, फळबाग, शेततळे. पहिल्या प्रकारात नोंद आधी लागते, दुसऱ्यात परवानगी आधी लागते. मधल्या एजंटाला पैसे देऊन या दोन्ही गोष्टी मागच्या तारखेने तयार होत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी दगदग वाचेल.

सातबारावर कोण आहे?

सगळ्यात आधी आपला सातबारा आणि आठ-अ काढून शांतपणे वाचा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. वाचताना तीन गोष्टी पाहा. वर नाव कुणाचे आहे, क्षेत्र बरोबर आहे का, आणि विहीर किंवा बोअर असेल तर त्याची नोंद आहे का.

पहिल्या प्रश्नापाशीच अनेक घरे अडकतात. वडील जाऊन सहा-सात वर्षे झाली, जमीन दोघे भाऊ कसतात, पण उताऱ्यावर अजून वडीलच. कसणारा कोण हे गावाला माहीत असते, शासनाच्या संगणकाला नसते. मृत व्यक्तीच्या नावाने पीएम किसानचा हप्ता येत राहिला तर तो पुढे वसूल होतो, आणि हयात मुलांना नवा हप्ता सुरू होत नाही. जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि नातेसंबंध, स्वयंघोषणापत्र एवढ्यावर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी काढली होती. गावात असे शिबिर लागले तर त्या दिवशी दुसरे काम काढू नका.

वारस नोंदीनंतर खाते सामाईक होते. सामाईक खात्यावर अनुदान मिळते, पण दर वेळी बाकीच्या हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. ज्या घरात भाऊबंदकी आहे तिथे एकाच्या सहीवाचून सगळ्यांचे अडते, आणि ती सही पाच हजार रुपयांसाठी मागायला गेले की वीस वर्षांपूर्वीची बांधाची भांडणे वर येतात. सगळे सहमत असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी करून घ्या. त्यात बहिणींची नावे चुपचाप गाळण्याचा मोह काहींना होतो. तसे करू नका. ती नोंद पुढे अपिलात गेली की दहा वर्षे जमिनीवर कर्जही मिळत नाही आणि अनुदानही.

पत्नीचे नाव सातबारावर घेणे हाही विचार करण्याजोगा भाग आहे. लक्ष्मीमुक्ती योजनेत १९९२ पासून पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. औजारांच्या योजनेत महिला शेतकऱ्याला वरच्या दराने अनुदान आहे, पण केवळ त्यासाठी नव्हे. उद्या नवरा गेला तर तिला प्रत्येक कार्यालयात स्वतःची ओळख पटवत फिरावे लागत नाही. पीएम किसानसाठी मात्र पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरतात, त्यामुळे तिथे दोघांच्या नावाने दोन हप्ते घेतले तर एक परत जाणार.

नावाच्या स्पेलिंगकडे बघा, ही सूचना क्षुल्लक वाटते. सातबारावर ‘पांडुरंग तुकाराम’, आधारवर ‘पांडुरंग तुकाराम जाधव’ आणि पासबुकात ‘पी. टी. जाधव’ असा एकच माणूस तीन ठिकाणी तीन झाला की अर्ज ‘नाव जुळत नाही’ या शेऱ्यावर पडून राहतो. सातबारातील लेखनप्रमाद कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होतो. आधार आणि बँक त्या मानाने सोपे, म्हणून आधी सातबारा काय म्हणतो ते पाहून बाकीचे कागद त्याला जुळवता येतात का ते ठरवा.

जे बटाईने किंवा खंडाने जमीन कसतात त्यांच्यासाठी ही सगळी व्यवस्था कोरडी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. पेरणी त्यांची, खत त्यांचे, नुकसान त्यांचे, आणि नुकसानीचे पैसे सातबारावरच्या मालकाच्या खात्यात. मालकाशी बोली करतानाच ‘पिकाच्या नुकसानीची किंवा भावफरकाची जी रक्कम येईल ती कुणाची’ हे साध्या कागदावर लिहून घ्या. कायदेशीर बळ त्यात फार नाही, पण बोललेले विसरता येते, लिहिलेले विसरणे जड जाते.

पिकाची नोंद

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतात उभे राहून, मोबाइलवर, पिकाच्या फोटोसह नोंद करायची. हंगामागणिक मुदत असते. ती संपल्यावर राहिलेल्या गटांची नोंद गावासाठी नेमलेला सहायक करतो, पण त्याच्यावर विसंबू नका. त्याला शेकडो गट उरकायचे असतात आणि तुमच्या तुरीत उडीद किती ओळी आहे हे त्याला माहीत नसते. आंतरपीक असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्ही पिके भरा. अनुदान तुरीला आले की तूर लागते, उडदाला आले की उडीद. नोंद चुकली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते, नंतर नाही.

मोबाइलला रेंज नाही, ॲप चालत नाही, ही तक्रार खरी आहे. डोंगराळ भागात ती रोजची आहे. त्यावर उपाय एवढाच की मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, कारण त्या आठवड्यात सर्व्हरही दमलेला असतो. नोंद झाली की पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि काही दिवसांनी गाव नमुना बारामध्ये ती उमटली का ते पाहा. पुष्कळांची नोंद झालेली असते, उमटलेली नसते.

याला जोडूनच: विक्रीच्या पट्ट्या फेकू नका. बाजार समितीची पट्टी, दूध संघाची दहा दिवसांची बिले, कारखान्याची ऊस पावती, जिनिंगची काटापट्टी, सगळे हंगाम संपेपर्यंत नव्हे तर दोन वर्षे एका फायलीत ठेवा. आणि पट्टी ज्याच्या नावे सातबारा त्याच्याच नावे करा. मुलगा माल घेऊन जातो आणि आडत्याला स्वतःचे नाव सांगतो, इथे घोळ होतो. खेडा खरेदीत व्यापारी चिठ्ठीवर आकडा लिहून देतो, त्या चिठ्ठीला अनुदानाच्या दारात किंमत नाही.

पैसा कोणत्या खात्यात जातो?

या प्रश्नाचे उत्तर पासबुकाची झेरॉक्स जोडलेल्या बहुतेकांना चुकीचे माहीत असते. तुम्ही अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, यादीत तो आधार ज्या बँकेशी जोडलेला दिसतो तिथे जमा होते. एका वेळी एकच बँक. तुम्ही शेवटी जिथे संमती दिली ती.

म्हणून असे होते की जिल्हा बँकेत वर्षानुवर्षे खाते आहे, तिथे आधारही ‘दिलेले’ आहे, पण दोन वर्षांपूर्वी मोबाइलचे सिम घेताना किंवा बचत गटाच्या कर्जासाठी दुसरीकडे खाते उघडले आणि आधार तिकडे सरकला. २०१७ मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांना पत्ता न लागता खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे जाऊ लागले, तो प्रकार देशभर गाजला होता. तुमचे पैसे ‘आले नाहीत’ असे वाटत असेल तर ते आलेले असून भलत्या खात्यात बसलेले असू शकतात. माय आधार पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. तिथे बँकेचे नाव दिसते. ते तुम्हाला हवे तेच आहे आणि स्थिती ‘सक्रिय’ आहे, एवढे वर्षातून दोनदा पाहावे.

बँकेत गेल्यावर ‘आधार लिंक करा’ असे म्हणू नका. लिंक म्हणजे बँकेने ओळखीसाठी आधार खात्याला लावला, एवढाच अर्थ होऊ शकतो. ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करा’ असे म्हणा आणि संमतीचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्या. पोच द्यायला काउंटरवर कुरकुर होईल. तरी घ्या.

जुन्या जनधन खात्यांपैकी काही ‘छोटी खाती’ आहेत, म्हणजे पूर्ण केवायसी न करता उघडलेली. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षात एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. दोन-दोन हजारांचे हप्ते त्यात बिनबोभाट येतात आणि ठिबकचे लाखाचे अनुदान आले की परत फिरते. दोन वर्षे व्यवहारच नसेल तर खाते निष्क्रिय होते, हेही तपासा.

कर्ज थकीत असलेल्यांची वेगळीच भीती असते, अनुदान आले की बँक कापून घेईल. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीबाबत शासन निर्णयातच लिहिलेले असते की या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये. तरीही खाते गोठवलेले आढळले तर तोंडी वाद घालण्यापेक्षा त्या शासन निर्णयाची प्रत काढून, तो परिच्छेद अधोरेखित करून, शाखाधिकाऱ्याला अर्ज द्या आणि प्रत तहसीलदारांना द्या. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेप्रमाणे मोफत मिळतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘महत्त्वाची बातमी’पेक्षा ते वाचायला कंटाळवाणे असतात, पण अटी तिथेच असतात.

शेतकरी ओळख क्रमांक हा आता या सगळ्याचा धागा झाला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक आहे. काढताना एकच दक्षता: दोन गावांत जमीन असेल तर दोन्हीकडचे गट जोडले गेले का ते पाहा. आणि क्रमांक काढल्यानंतर जमीन विकत घेतली, वारसाने आली किंवा वाटणी झाली तर ती त्यात आपोआप आली असेल असे धरून चालू नका.

आपण मागायची अनुदाने

महाडीबीटी पोर्टलवर कृषी विभागाच्या बहुतेक योजना एकाच अर्जात मागता येतात. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी पद्धत आली. म्हणजे जाहिरात वाचून मग कागद गोळा करणारा मागे पडतो. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे राहिले आहे. सेवा केंद्रवाला दोनशे-तीनशे मागत असेल तर तो त्याच्या श्रमाचे मागतो की शासनाचे शुल्क म्हणून मागतो हे विचारून घ्या.

निवड झाली की मोबाइलवर संदेश येतो आणि कागदपत्रे चढवायला मोजके दिवस मिळतात. मुदत चुकली की अर्ज रद्द. म्हणून पोर्टलला दिलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा क्रमांक दिलेला असतो आणि तो पुण्यात सिम बदलतो, असेही घडते.

त्यानंतर येते पूर्वसंमती, आणि हाच टप्पा पैशांचा आहे. पूर्वसंमती हातात येण्याआधीच्या तारखेचे बिल अनुदानाला चालत नाही. दुकानदार सांगतो, ‘माल आत्ता घेऊन जा, बिल नंतर फाडू.’ त्याचा माल खपतो, जोखीम तुमची. पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या दिवसांत खरेदी, जीएसटीचे पक्के बिल, रक्कम शक्यतो स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत, बिल पोर्टलवर, मग अधिकाऱ्यांची मोका तपासणी, आणि शेवटी अनुदान. तपासणीच्या दिवशी ठिबकच्या नळ्या गोठ्यात गुंडाळून ठेवलेल्या असतील तर तपासणी होत नाही. ट्रॅक्टरवर चालणारे औजार घेत असाल तर ट्रॅक्टरचे नोंदणी पुस्तक लागते, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावे असले तरी चालते. एका औजाराचा लाभ घेतला की तेच औजार पुन्हा दहा वर्षे मागता येत नाही, म्हणून आज सहज मिळतेय म्हणून लहान यंत्र घेऊन टाकण्याआधी विचार करा.

टक्केवारीच्या मागे धावू नका. ठिबकला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ असे अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, कमाल पाच हेक्टरपर्यंत, असे प्रमाण राहिले आहे. पण हे टक्के तुमच्या बिलाचे नाहीत, शासनाने ठरवलेल्या मापदंड किमतीचे आहेत. समजा मापदंडाप्रमाणे तुमच्या क्षेत्राची किंमत १ लाख आणि दुकानदाराचे बिल सव्वा लाख. अनुदान ८० हजार. तुमच्या खिशातून २० नव्हे, ४५ हजार गेले. शिवाय ते सव्वा लाख आधी तुम्हालाच उभे करावे लागले आणि अनुदान कधी येईल ते निधीवर अवलंबून. ‘अनुदान आमच्याकडे वळते करा, तुम्ही फक्त वरचे द्या’ असा प्रस्ताव देणाऱ्या विक्रेत्याचा मालाचा दर बाजारभावाशी ताडून पाहा.

ट्रॅक्टरचे गणित तर फसवे आहे. ‘पन्नास टक्के अनुदान’ हे शब्द कानात राहतात. प्रत्यक्षात आजवर कमाल मर्यादा अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्पभूधारकांना सव्वा लाख आणि इतरांना एक लाख राहिली आहे. समजा ट्रॅक्टर ८ लाखांचा. सव्वा लाख गेले, पावणेसात लाखांचे कर्ज, समजा ११ टक्क्यांनी. पहिल्याच वर्षाचे व्याज ७४ हजारांच्या घरात. दोन वर्षे व्हायच्या आत अनुदानाएवढी रक्कम व्याजात गेली. चार एकरांच्या शेतकऱ्याने, भाड्याची कामे नक्की मिळणार असतील तरच, या वाटेला जावे. माझे मत विचाराल तर जे यंत्र अनुदानाशिवायही तीन-चार वर्षांत पैसे फेडेल तेच अनुदानावर घ्यावे. मळणीयंत्र, रोटाव्हेटर, फवारणी पंप यांत ते पुष्कळदा जमते. मिरवणुकीत पुढे उभे करायला घेतलेल्या ट्रॅक्टरचे जमत नाही.

फळबागेसाठी दोन वाटा आहेत. जॉबकार्ड असेल तर रोजगार हमीतून. ज्यांना तिथे बसता येत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासूनची भाऊसाहेब फुंडकर योजना, कोकणात १० गुंठे ते १० हेक्टर आणि इतरत्र २० गुंठे ते ६ हेक्टर. फुंडकर योजनेतली रक्कम तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशी येते आणि पुढचा हप्ता झाडे जगली तरच. दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत लागतात. पाण्याची सोय नसताना लावलेल्या बागेला पहिला हप्ता मिळतो आणि नंतर शेतात नुसते खड्डे उरतात.

घरात आधीच असलेले, पण न मोजलेले

पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६ हजार, मिळून १२ हजार सगळ्यांना पाठ आहेत. त्यात ई-केवायसी आणि जमिनीची नोंद या दोन्ही ‘होय’ दिसायला हव्यात. पात्रतेत एक गैरसमज फार आहे. सज्ञान मुलगा सरकारी नोकरीत असला म्हणून वडील अपात्र होत नाहीत, कारण कुटुंबात अज्ञान मुलेच धरतात. मात्र मागच्या वर्षी स्वतः आयकर भरलेला, किंवा दरमहा १० हजार व त्यावर निवृत्तिवेतन घेणारा अपात्र. चतुर्थ श्रेणीचे निवृत्त कर्मचारी या नियमातून वगळलेले आहेत. चुकून पैसे आले असतील तर नोटिशीची वाट न पाहता परत करण्याची सोय पोर्टलवर आहे.

पण पीककर्जावरची व्याजसवलत कुणी अनुदानात मोजत नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. सात टक्क्यांनी तीन लाखांवर वर्षाचे २१ हजार होतात. किसानच्या दोन्ही योजनांच्या बेरजेपेक्षा जास्त. कर्जमाफी येईल या आशेने मुदत चुकवणारा ही रक्कम दर वर्षी सोडून देतो. मुदतीची तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लिहून घ्या आणि पैसे कमी पडत असतील तर माल विकायची वेळ त्या तारखेशी जुळवा.

आपत्तीच्या मदतीबद्दल थोडेच सांगतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असावे लागते. पंचनाम्याला स्वतः हजर राहा, नुकसानीचे फोटो त्याच दिवशी काढा, आणि सही करण्याआधी गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र हे तीन रकाने वाचा. रिकाम्या रकान्यांच्या कागदावर सही करू नका. पीकविमा ही वेगळी गोष्ट आहे. एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा असतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मात्र प्रत्येक घराला माहीत हवी. वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, रस्त्यावरचा अपघात. १० ते ७५ वयाच्या खातेदाराचा, किंवा सातबारावर नाव नसलेल्या त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचा, मृत्यू झाला तर २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. हप्ता भरायचा नसतो. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आणि दुखवट्यात नेमके तेच दिवस निघून जातात. म्हणून हे काम घरच्यांवर न सोडता शेजाऱ्याने किंवा सरपंचाने हाती घ्यावे. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. सर्पदंशात ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून शवविच्छेदन टाळले तर पुढे पुरावाच उरत नाही.

अडले तर

मोबाइलवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली तर ती उघडू नका, कोणाचीही. ॲपच्या रूपात आलेल्या अशा फाइलींनी खाती रिकामी झाली आहेत. कृषी खाते तुम्हाला फोन करून ओटीपी विचारत नाही.

अर्ज अडला असेल तर आधी पोर्टलवर तो नेमका कोणाच्या लॉगिनला थांबला आहे ते पाहा. सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, तालुका कृषी अधिकारी, की निधी. निधीच नसेल तर तालुक्याच्या साहेबांशी भांडून उपयोग नाही. कागदात त्रुटी असेल तर ती लेखी मागा. ‘साहेब बघतो म्हणाले’ यावर महिने काढू नका.

लेखी अर्जालाही उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र ‘अ’चा नमुना, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘माझे अनुदान का मिळाले नाही’ असे विचारू नका, कारण ‘का’चे उत्तर देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. असे विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने काय कार्यवाही केली त्याची प्रत, अर्जात त्रुटी असल्यास त्रुटीच्या नोंदीची प्रत, आणि माझ्यानंतर अर्ज केलेल्या ज्यांना याच घटकासाठी पूर्वसंमती मिळाली त्यांची तारीखवार यादी. उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे करता येते.